बहात्तर सालचं पाणी

महाराष्ट्रात नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं की पुढं दुष्काळ हा शब्द जोडावा लागत नाही. ज्यांनी तो काळ काढला त्यांना लाल मिलोची भाकरी आठवते, रस्त्याच्या कामावर फोडलेली खडी आठवते, सुकडीची चव आठवते. 1972 च्या ऑगस्टात पावसानं दडी मारलेली होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, जत-आटपाडीकडं, माणसं आभाळाकडं बघत होती. आणि त्याच महिन्यात, त्याच सांगली जिल्ह्यातला एक सत्तावीस वर्षांचा तरुण पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला पोहण्याच्या तलावात उतरला आणि 50 मीटर अंतर 37.33 सेकंदांत कापून गेला. तो जागतिक विक्रम होता. पायांची त्याला या अंतरात काडीचीही मदत नव्हती. सात वर्षांपूर्वी सियालकोटच्या आघाडीवर लागलेल्या गोळ्यांनी ते निकामी केले होते.

मुरलीकांत राजाराम पेटकर हे नाव आता सिनेमामुळं घरोघरी पोचलं आहे. पण सिनेमा येईपर्यंत बावन्न वर्षं गेली. ऑलिंपिक असो की पॅरालिंपिक, वैयक्तिक सुवर्णपदक मिळवणारा हा पहिला भारतीय. पॅरालिंपिकमधलं पुढचं सुवर्ण देवेंद्र झाझडियानं 2004 साली अथेन्सला भाला फेकून आणलं, ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्रानं 2008 साली बीजिंगला. दोन्ही वेळी वर्तमानपत्रांनी पानंच्या पानं भरली आणि इतिहास घडला म्हणून सांगितलं. घडला होताच. फक्त त्याच्या आधीचं एक पान कुणी उलटून बघितलं नाही.

पेटकर मूळचे पेठचे. वाळवा तालुक्यातलं, पुणे-बंगळूर रस्त्यावरचं, इस्लामपूरच्या अलीकडचं हे गाव. जन्म 1 नोव्हेंबर 1944 चा. हा कृष्णा-वारणेच्या मधला मुलूख, म्हणजे गावागणिक तालीम आणि जत्रेगणिक कुस्त्यांचा फड. पोरगं चालायला लागलं की त्याला मातीत लोळवायचं आणि जरा मोठं झालं की पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत सोडायचं, ही इथली शिक्षणपद्धती. पोहायला शिकवणारा चुलता किंवा मामा वरच्या पायरीवर बसून फक्त एवढंच बघतो की भोपळा सुटला तर नाही ना. असं पोहणं शिकलेल्या पोराला स्ट्रोक म्हणजे काय ते ठाऊक नसतं, पण पाण्याचं भय नसतं.

1952 साली मुरली सात वर्षांचा होता. त्या उन्हाळ्यात हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. गोळेश्वर पेठपासून काही लांब नाही, एकाच रस्त्यावरची गावं. खाशाबांच्या परदेशवारीसाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. खरं तर ती थोडी लाजेनंही सांगायला हवी. खाशाबा परत आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्या मिरवणुकीच्या कहाण्या ऐकत या पट्ट्यातली एक पिढी मोठी झाली, आणि पेठचा मुरली त्याच पिढीतला.

हेलसिंकीत खाशाबांच्या वजनगटातलं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला गेलं. त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण. पण जपानी लोक तिकडं डोळे लावून बसले होते ते कुस्तीसाठी नव्हे, हिरोनोशिन फुरुहाशी या जलतरणपटूसाठी. इथं जरा थांबून त्याची हकीकत सांगतो, कारण पेटकरांच्या कहाणीशी तिचं नातं आहे. फुरुहाशी हामामात्सूजवळच्या हामाना सरोवराच्या काठचा. महायुद्धात शाळकरी पोरांना दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला लावलं गेलं, तिथं यंत्रात सापडून याच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं. पोहणाऱ्याचा पंजा म्हणजे वल्हं. वल्ह्याला चीर पडली तर पाणी निसटतं. तरीही हा गडी मुक्तशैलीत असा पळायला लागला की त्याच्यासमोर कुणी टिकेना. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला हरलेल्या जपानला बोलावणंच नव्हतं. मग जपान्यांनी त्याच दिवसांत टोकियोत आपली राष्ट्रीय स्पर्धा भरवली. फुरुहाशीनं 1500 मीटर 18 मिनिटं 37 सेकंदांत कापलं. लंडनला अमेरिकेच्या जेम्स मॅक्लेननं सुवर्ण घेतलं ते 19 मिनिटं 18.5 सेकंदांत. म्हणजे ऑलिंपिकच्या विजेत्यापेक्षा घरी बसवलेला माणूस चाळीस सेकंदांहून जास्त पुढं होता. पण जपान आंतरराष्ट्रीय संघटनेबाहेर, त्यामुळं विक्रमाची नोंद नाही. परदेशात काही जणांनी कुजबुज केली की जपान्यांचा तलाव आखूड असेल, घड्याळं संथ असतील. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसला जाऊन, अमेरिकेच्या तलावात, अमेरिकेच्या घड्याळांसमोर त्यानं 18 मिनिटं 19 सेकंद दिले. तिथल्या पत्रकारांनी त्याला ‘फुजियामाचा उडता मासा’ म्हटलं. हेलसिंकीला पोचेपर्यंत मात्र त्याचा बहर ओसरला होता. दक्षिण अमेरिकेच्या दौऱ्यात आमांशानं धरलं होतं, तो आजार अंगात मुरला. 400 मीटरच्या अंतिम फेरीत तो आठवा आला.

ज्या वेळी तो सर्वांत वेगवान होता त्या वेळी त्याला बोलावणं नव्हतं, आणि बोलावणं आलं तेव्हा तो वेग राहिला नव्हता. पण फुरुहाशीचं एक भाग्य होतं. अख्खं जपान रेडिओला कान लावून त्याच्यासोबत होतं. पेटकरांना बोलावणंही मिळालं आणि वेळही जुळून आली. कान लावून मात्र कुणी बसलेलं नव्हतं.

मुरलीला वेड होतं ते कुस्तीचं. गावातल्या एका वजनदार घरच्या पोराला त्यानं आस्मान दाखवलं आणि त्यावरून गावात राहणं अवघड झालं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. गाव सोडून तो लष्कराच्या पोरांच्या पलटणीत भरती झाला. सातारा-सांगलीच्या पोरानं घरी बिनसल्यावर पलटणीत जायचं, यात नवल काहीच नव्हतं. ईएमई, म्हणजे तोफा, रणगाडे आणि गाड्या दुरुस्त करणाऱ्या दलात तो क्राफ्ट्समन झाला. या दलाचं केंद्र सिकंदराबादला. तिथं कुस्तीपेक्षा मुष्टियुद्धाचा बोलबाला होता, म्हणून लंगोट गेला आणि हातमोजे आले. 1964 साली सैन्यदलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडा स्पर्धेसाठी हा मुष्टियोद्धा टोकियोला जाऊन आला.

त्याच वर्षी टोकियोत आणखी एक स्पर्धा झाली. ऑक्टोबरात ऑलिंपिक आटोपलं आणि 8 नोव्हेंबरपासून चाकाच्या खुर्चीतल्या खेळाडूंचे खेळ भरले. ते घडवून आणण्यामागं युताका नाकामुरा नावाचा एक अस्थिरोगतज्ज्ञ होता. जपानकडून उतरलेले बहुतेक खेळाडू रुग्णालयांतून आणि आश्रमांतून थेट मैदानावर आणलेले. ते बघत राहिले की परदेशातून आलेले खुर्चीवाले नोकऱ्या करतात, लग्न करतात, संध्याकाळी टायला गाठ मारून टोकियो बघायला बाहेर पडतात. नाकामुरानं ते बघितलं आणि पुढच्या वर्षी बेप्पूला अपंगांसाठी कारखाना उभा केला. दान नको, काम द्या, असा त्याचा खाक्या.

वीस वर्षांच्या धडधाकट मुष्टियोद्ध्याला या सगळ्याशी काय देणंघेणं असणार?

1965 च्या सप्टेंबरात भारतीय फौजा सियालकोट भागात शिरल्या. फिलोरा, चविंडा इथल्या रणगाड्यांच्या लढाया त्याच काळातल्या. रणगाडे म्हटले की ईएमई आलीच, कारण बिघडलेला रणगाडा रात्रीतून उभा करायचा तो याच लोकांनी. पेटकर सांगतात की त्यांच्या तळावर शिट्टी वाजली, आणि जवानांना वाटलं चहाची वेळ झाली. ती हवाई हल्ल्याची सूचना होती. विमानांतून गोळ्यांचा वर्षाव झाला. अंगात अनेक गोळ्या घुसल्या, ते पडले आणि पडलेल्या देहावरून आपल्याच तळावरची गाडी गेली. लढाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं समोरासमोरची चकमक येते. प्रत्यक्षात माणूस चहाच्या मगाकडं हात नेता नेता आयुष्यातून उठतो.

बराच काळ शुद्ध नव्हती. शुद्ध आली तेव्हा आठवणी पुसट झालेल्या. मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात उपचार झाले. बहुतेक गोळ्या काढल्या, कण्याजवळची एक काढता आली नाही. पायांत बळ परतणार नाही हेही हळूहळू स्पष्ट झालं.

मज्जारज्जूची इजा म्हणजे काय, ते पिढीदोनपिढ्यांपूर्वीपर्यंत डॉक्टरही दबक्या आवाजात सांगत. दुसऱ्या महायुद्धापर्यंत अशा रुग्णाला मरण येई ते इजेमुळं नव्हे. संवेदना गेलेल्या अंगाला एकाच कुशीवर पडून जखमा होत, त्या चिघळत. मूत्राशयाचा संसर्ग मूत्रपिंडांपर्यंत चढे. महिन्या-दोन महिन्यांत, फार तर वर्षा-दोन वर्षांत खेळ संपे. हे चित्र पालटलं ते लुडविग गुटमन या माणसानं. जर्मनीतला हा ज्यू मज्जातज्ज्ञ 1939 साली नाझींच्या तावडीतून निसटून इंग्लंडला आला. 1944 साली स्टोक मँडव्हिलच्या रुग्णालयात जखमी सैनिकांचा एक विभाग त्याच्या हवाली झाला. त्याचा पहिला नियम अगदी साधा होता. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. स्वतः तो अपरात्री वॉर्डात येऊन बघे की नियम पाळला जातोय की नाही. दुसरा नियम कामाचा आणि तिसरा खेळाचा. 29 जुलै 1948 ला लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं, त्याच दिवशी गुटमननं आपल्या रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. तिला बारा वर्षांनी, 1960 साली, ऑलिंपिकपाठोपाठ रोमला जागा मिळाली, आणि चार वर्षांनी टोकियोला. ज्याला आज पॅरालिंपिक म्हणतात त्याचं मूळ असं एका रुग्णालयाच्या अंगणात आहे. ते सुरू केलं सैनिकांनी आणि सैनिकांच्या डॉक्टरनं. म्हणून पेटकर त्या खेळांपर्यंत पोचले हा योगायोग कमी आणि वारसा जास्त वाटतो.

आपल्याकडंही वारं आलं होतं. मुंबईत हाजीअलीला पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था 1955 पासून होती. वेल्लोरला डॉ. मेरी व्हर्गीस, ज्या स्वतः मोटार अपघातात पायांतलं बळ गमावून बसल्या होत्या, खुर्चीत बसून शस्त्रक्रिया करत होत्या. पण खेळ? अपंग माणसानं, तेव्हाचा शब्द अपंगच होता, खेळायचं कशाला? शेजारीपाजारी विचारत तो हाच प्रश्न. पेटकरांना पाण्यात उतरवलं गेलं ते पदकासाठी नव्हे, अंगाला हालचाल मिळावी म्हणून. पोहणं हा उपचार होता.

पाण्यात काय होतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. जमिनीवर ज्या शरीराचा भार खुर्चीला आणि कुबड्यांना पेलावा लागतो त्याचा बहुतेक भार पाणी स्वतःवर घेतं. पण पाणी फुकट काही देत नाही. लुळे पाय बुडतात. मुक्तशैलीत पायांचं काम पुढं ढकलणं हे निम्मंच असतं. उरलेलं निम्मं म्हणजे कमरेचा भाग वर उचलून धरणं, शरीर पृष्ठभागाला सपाट ठेवणं. पाय मारता आले नाहीत की धड तिरकं होतं, आणि तिरकं धड म्हणजे पाणी कापणारी सुरी न राहता पाणी अडवणारी फळी. शिवाय प्रत्येक हाताबरोबर शरीर ज्या बाजूला वळतं तो वळसा कमरेतून आणि पोटातून येतो. तिथले स्नायू अर्धेमुर्धे साथ देत असतील तर तोही खांद्यांनीच आणायचा. म्हणजे दोन खांद्यांनी तीन कामं करायची, आणि वर श्वासासाठी मान वळवायची ती अशी की पाय आणखी खाली जाणार नाहीत. मुष्टियुद्धानं कमावलेले खांदे इथं उपयोगी पडले असणार. ठोसा कमरेतून निघतो असं वस्ताद सांगतात, पण तो पोचवायचं काम खांद्याचंच.

आता 37.33 कडं परत बघा. म्हणजे सेकंदाला जवळजवळ 1.34 मीटर. तुमच्या-माझ्यासारख्या, आठवड्यातून चार दिवस क्लबात पोहणाऱ्या, दोन्ही पाय शाबूत असलेल्या माणसानं 50 मीटर चाळीस सेकंदांत मारून दाखवावं, आणि मग काठ धरून किती वेळ धापा टाकल्या ते सांगावं.

खेळाकडं वळल्यावर पेटकरांनी एकाच खेळावर मदार ठेवली नाही. टेबल टेनिस, भाला, गोळा, खुर्चीची शर्यत, पोहणं, मिळेल ते केलं. 1968 साली भारतानं या खेळांत पहिल्यांदा संघ धाडला. मेक्सिकोनं ऑलिंपिक भरवलं पण खुर्चीवाल्यांचे खेळ भरवायला नकार दिला, म्हणून ते इस्रायलात तेल अव्हिवला झाले. पेटकर तिथं टेबल टेनिस खेळले आणि पहिली फेरी जिंकले. परदेशी जायचा पैसा आला कुठून? सरकारी खात्यातून नव्हे. विजय मर्चंट मदतीला आले. हेच ते विजय मर्चंट ज्यांनी 1971 च्या जानेवारीत निवडसमितीच्या अध्यक्षपदाचं निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कप्तान केलं. त्या एका मतावर आजवर किती शाई सांडली! त्यांच्या संस्थेनं अपंग खेळाडूंच्या तिकिटांची सोय केली त्यावर दोन ओळीही कुणी लिहिल्या नाहीत. खाशाबांच्या वेळी प्राचार्यांचं घर, पेटकरांच्या वेळी एका क्रिकेटपटूची संस्था. वीस वर्षांत सरकारी तिजोरीची किल्ली काही सापडली नव्हती.

1970 साली एडिंबरोला राष्ट्रकुलातल्या पक्षाघातग्रस्त खेळाडूंची स्पर्धा झाली. पेटकरांनी 50 मीटर मुक्तशैलीत सुवर्ण, भालाफेकीत रौप्य आणि गोळाफेकीत कांस्य घेतलं. हायडेलबर्गचं यश आकाशातून पडलेलं नव्हतं ते इथं दिसतं. दोन वर्षं आधीच हा माणूस आपल्या गटात अव्वल ठरला होता.

खेळ म्युनिकऐवजी हायडेलबर्गला का झाले, त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. 1972 चं ऑलिंपिक म्युनिकला होतं, म्हणून पाठोपाठ हेही तिथंच व्हायचे. पण ऑलिंपिकसाठी बांधलेली खेळाडूंची घरं स्पर्धा संपताच खाजगी मालकांच्या ताब्यात द्यायची होती. खुर्चीवाल्यांसाठी ती रिकामी ठेवणं परवडणार नव्हतं. मग हायडेलबर्ग विद्यापीठानं जागा दिली, आणि ऑलिंपिकच्या नंतर नव्हे तर आधी, 2 ते 11 ऑगस्टला खेळ उरकले. गुटमन ज्या जर्मनीतून जीव मुठीत धरून पळाला होता त्याच जर्मनीत, तेहेतीस वर्षांनी, त्यानं रुजवलेले हे खेळ भरत होते. चाळीसहून जास्त देशांतले सुमारे हजार खेळाडू आले होते.

पेटकर चार प्रकारांत उतरले. एक भालाफेक. दुसरी नेम धरून भालाफेक, ज्यात जमिनीवर आखलेल्या वर्तुळांपैकी आतल्यात आत भाला टोचायचा असतो. तिसरी स्लॅलम, म्हणजे खांब, उंचवटे आणि फाटकं चुकवत खुर्ची पळवायची. तेव्हाच्या खुर्च्या काही आजच्यासारख्या हलक्या नव्हत्या, रुग्णालयातल्या पोलादी घडीच्या खुर्च्यांच्याच बहिणी. या तिन्हींत ते अंतिम फेरीपर्यंत गेले. चौथं पोहणं, 50 मीटर मुक्तशैली, गट तिसरा. मज्जारज्जूला कुठल्या उंचीवर इजा झाली त्यावरून तेव्हा गट पाडत. इजा जितकी वर तितके जास्त स्नायू गेलेले. आपल्यासारख्याच शरीराच्या माणसांविरुद्ध प्रत्येकानं पोहायचं, असा त्यामागचा हिशोब.

मुक्तशैली, म्हणजे फ्रीस्टाइल. खाशाबांचीही कुस्ती फ्रीस्टाइलच. कृष्णाकाठानं जगाला दाखवलेले हे दोन पराक्रम एकाच नावाच्या दोन वेगळ्या खेळांतले, हे मला फार दिवसांनी लक्षात आलं.

शर्यत सदतीस सेकंद चालली आणि संपली. सुवर्ण आणि जागतिक विक्रम. त्या खेळांत भारताच्या नावावर लागलं ते हेच पदक.

इकडं काय चाललं होतं? खेळ संपले 11 तारखेला आणि चौथ्या दिवशी स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव आला. 26 ऑगस्टला म्युनिकचं ऑलिंपिक सुरू झालं. मार्क स्पिट्झनं सात सुवर्णपदकं घेतली, 100 मीटर मुक्तशैली 51.22 सेकंदांत, आणि त्याच्या मिशा भारतातल्या पोरांनाही पाठ झाल्या. 5 सप्टेंबरच्या पहाटे दहशतवादी इस्रायली खेळाडूंच्या निवासात घुसले आणि अकरा इस्रायलींचा जीव गेला. जगाच्या स्मरणात 1972 चं जर्मनी उरलं ते तेवढंच. आपल्या हॉकी संघाला कांस्यावर समाधान मानावं लागलं, म्हणून देशात हळहळ झाली. आणि महाराष्ट्रात सप्टेंबर उलटला तरी पाऊस नव्हता. गुरं चाऱ्याविना बाजारात कवडीमोलानं चालली होती. अशा वेळी कुणा पेटकरानं पोहण्यात काय केलं याची बातमी कुठल्या कोपऱ्यात गेली असेल तर त्यासाठी संपादकांना फार दोष देता येणार नाही. दुष्काळ ही सबब मी मान्य करतो. पण दुष्काळ दोन वर्षांत हटला. विसर मात्र पुढं पंचेचाळीस वर्षं पुरला, त्याला पावसाचा काय दोष?

दोष व्यवस्थेचा होता, आणि व्यवस्था म्हणजे तरी काय, ती नव्हतीच. या खेळांची जागतिक समिती 1989 साली झाली, भारतातली संघटना त्याच्याही नंतर. 1972 साली हा विक्रम कुणाच्या कपाटात ठेवायचा हेच ठरलेलं नव्हतं. खेळ खात्याला तो उपचाराचा भाग वाटे, आरोग्य खात्याला खेळाचा, आणि लष्कराच्या दृष्टीनं जखमी होऊन गेलेला जवान म्हणजे बंद झालेली फाइल. 1976 आणि 1980 च्या खेळांना भारतानं संघच पाठवला नाही. ज्या देशाच्या खेळाडूकडं जागतिक विक्रम होता त्या देशानं पुढची दोन्ही आमंत्रणं वाया घालवली. 1984 ला संघ परत गेला तेव्हा जोगिंदरसिंग बेदी आणि भीमराव केसरकर यांनी चार पदकं आणली. केसरकरही मराठी, भालाफेकीत रौप्य. त्यांचं नाव आज किती जणांना सांगता येईल?

पेटकरांना पुण्याच्या टेल्कोनं नोकरी दिली. नाकामुरा जे बेप्पूला म्हणत होता तेच, काम द्या. गाजावाजा न करता पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ते घडलं. 1969 ते 1973 या काळात महाराष्ट्रातल्या स्पर्धांमध्ये ते सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरत राहिले. मग वय झालं, खेळ सुटला, शिफ्ट आणि संसार सुरू राहिला. 1982 साली अर्जुन पुरस्कारासाठी केलेला अर्ज नाकारला गेला, असं त्यांनी सांगितलं आहे. अपंगांच्या खेळातलं यश तेव्हा त्या चौकटीत बसत नव्हतं. मग त्यांनी तो विषय सोडून दिला. पदकं ट्रंकेत गेली. सांगली-साताऱ्याच्या माणसाला एकदा नाही म्हटलं की तो पुन्हा दाराशी जात नाही, हा गुण म्हणावा की खोड, मला ठरवता आलेलं नाही.

2016 साली रिओच्या पॅरालिंपिकमध्ये भारतीयांनी पदकं आणली आणि लोक मागचा हिशोब काढू लागले. पहिलं सुवर्ण कुणाचं, हे शोधता शोधता बोट पुण्यातल्या एका सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त कामगाराच्या नावाशी येऊन थांबलं. 2018 साली पद्मश्री मिळाली. 14 जून 2024 ला कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ पडद्यावर आला, कार्तिक आर्यननं पेटकर उभे केले. सिनेमानं मसाला घातला म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. अर्ध्या शतकात जे एकाही पाठ्यपुस्तकानं केलं नाही ते या सिनेमानं दोन-अडीच तासांत केलं.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, 17 जानेवारी 2025 ला, राष्ट्रपती भवनात अर्जुन पुरस्कारांचा समारंभ झाला. जीवनगौरवासाठीच्या अर्जुन पुरस्काराच्या यादीत मुरलीकांत राजाराम पेटकर हे नाव होतं. बाकीचे पुरस्कारविजेते बहुतेक विशी-तिशीतले. पेटकर ऐंशी वर्षांचे. कण्याजवळची ती एक गोळी अजून आत आहे, असं ते सांगतात.